पुटपुटणारे सिनेमे

हल्लीचे सिनेमे बघण्याच्या लायकीचे राहिले नाहीत, असं आशालता धारप यांचं ठाम मत होतं आणि नवीन पनवेलच्या त्यांच्या सोसायटीत ते सगळ्यांना पाठ झालं होतं. दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता सोसायटीच्या हॉलमध्ये त्या एक जुना सिनेमा दाखवत. त्याआधी दहा मिनिटं बोलत, आणि विषय कुठूनही सुरू झाला तरी शेवटी नव्या सिनेमांवरच येई. पूर्वी पडद्यावर माणसं बोलायची, आता पुटपुटतात. पूर्वी काहीतरी घडायचं, आता नुसतीच खिडकीबाहेर बघत बसतात. वीस-पंचवीस लोक यायचे, माना डोलवायचे.

सिनेमे पुरवायचं काम तळमजल्यावरच्या अब्दुल पारकरांचं. मस्कतला पंचवीस वर्षं नोकरी करून ते परत आले होते आणि तिथल्या एकटेपणात जमवलेला जुन्या सिनेमांचा मोठा साठा त्यांच्याजवळ होता. प्रोजेक्टर तेच लावत, आवाजाचं बटणही त्यांच्याच हाताशी असे. आशालताबाई मधूनमधून त्यांना आवाज वाढवायची खूण करत. गेल्या वर्षभरात पहिल्या रांगेतली मंडळी एकेक करून मागे सरकली होती. का, ते बाईंना कुणी सांगितलं नव्हतं.

बाई पनवेलच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. नुसत्या 'हॅलो'वरून माणूस ओळखायच्या. पुढे यंत्रं बदलली, त्या कारकुनीत गेल्या, निवृत्त झाल्या, नवरा गेला. मुलगी चारुता गोरेगावला राहून सिनेमासाठी लिहायची. सहा वर्षं दुसऱ्यांच्या मालिका लिहून झाल्यावर अखेर तिने स्वतः लिहिलेला एक मराठी सिनेमा थिएटरला लागला, आणि दुसऱ्याच दिवशी ती आईला घेऊन बघायला आली.

बाईंनी ठेवणीतली साडी नेसली. रिक्षात त्या खूप बोलल्या. थिएटरमध्ये पंधरा मिनिटांतच त्यांचा पाय हलायला लागला.

पडद्यावर एक बहीण आणि एक भाऊ होते. उरणकडची वडिलांची जमीन विकायची की नाही, असं काहीतरी चाललं होतं. दोघं मोरा बंदरावर पाठमोरी उभी राहून बोलत होती, वारा सुटला होता, बोटीचं इंजिन धडधडत होतं. काय बोलत होती ते देव जाणे. मग जेवणाच्या टेबलावरून बहीण ताडकन उठून गेली. का उठली? सगळं थिएटर एकदम हसलं, तेव्हा बाईही हसल्या, पण जरा उशिरा. त्यांनी पर्स उघडली, बडीशेप काढली, पर्स मिटली. परत उघडून फोन बघितला. मध्यंतरानंतर केव्हातरी चारुता त्यांच्याकडे झुकून काहीतरी कुजबुजली. "हो, हो," असं म्हणून बाईंनी पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं.

बाहेर आल्यावर चारुताने विचारलं, कसा वाटला.

"चांगला आहे," बाई म्हणाल्या. "पण तुमच्या लोकांना स्पष्ट बोलायला काय होतं? कोण काय म्हणतंय, कशासाठी म्हणतंय, काही पत्ता लागत नाही. आणि घडत तर काहीच नाही गं."

चारुता रात्री राहणार होती, पण सकाळी मीटिंग आहे म्हणाली आणि स्टेशनच्या रिक्षात बसून निघून गेली.

त्यानंतरचे दोन आठवडे बाईंना चैन पडेना. चारुता फोन उचलायची, बरी आहेस का, गोळ्या घेतल्यास का, एवढं विचारून ठेवायची. बाईंना वाटे, मी खोटं का बोलू? मुलीचा आहे म्हणून वाईट सिनेमाला चांगला म्हणू? मग वाटे, पण ती काय कुजबुजली होती? ते विचारायचं राहून गेलं होतं आणि आता विचारायची सोय नव्हती. विचुंबेच्या रस्त्याने त्या रोज सकाळी फिरायला जायच्या, त्या आता संध्याकाळीही जायला लागल्या.

अशात पारकरांनी आनंदाची बातमी आणली. मस्कतच्या एका दोस्ताने त्यांना एक फार जुना कृष्णधवल सिनेमा पाठवला होता. नाव ऐकून दोघांनाही ठाऊक, पण पाहिलेला दोघांनीही नव्हता. बाईंच्या अंगात उत्साह संचारला. त्या शनिवारी त्यांनी अर्धा तास भाषण केलं. आज तुम्हाला कळेल, म्हणाल्या, सिनेमा कशाला म्हणायचं ते.

सिनेमा सुरू झाला आणि दहाव्या मिनिटाला त्यांचा धागा सुटला. कोटवाला माणूस घरात आला होता, तो दीर की वकील? त्याने पत्र वाचून दाखवलं, त्यावर नायिका रडली. पत्रात काय होतं? बाईंनी आवाज वाढवायची खूण केली. पारकरांनी वाढवला. आवाज मोठा झाला, शब्द होते तिथेच राहिले. त्यांनी पुन्हा खूण केली. बाजूला कुणीतरी खुर्ची आणखी मागे ओढल्याचं त्यांना दिसलं. त्यांचा पाय हलायला लागला होता. प्रिंट खराब आहे, त्यांनी स्वतःला सांगितलं. मग मान वळवून पाहिलं, तर तिसऱ्या मजल्यावरची हेतल ओढणीने डोळे पुसत होती.

सिनेमा संपल्यावर बाईंनी दोन शब्द बोलायचे, असा रिवाज होता. त्या उठल्या. म्हणाल्या, त्या वकिलाचं काम कसं संयमाने केलंय बघा, परक्या बाईसाठी माणूस एवढं करतो, हे आताच्या सिनेमात दिसेल का?

हेतल जरा चाचरत म्हणाली, "काकू, तो तिचा नवराच असतो ना? बारा वर्षांनी परत आलेला."

कुणीतरी फिसकन हसलं. पारकर घाईघाईने म्हणाले की प्रिंट जुनी आहे, नीट कळत नाही. बाई खाली बसल्या.

लोक गेल्यावर दोघं खुर्च्या एकावर एक रचत होते. पारकर काम थांबवून त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले.

"आशाताई, प्रिंट साफ होती," ते म्हणाले. "गेली दोन वर्षं तुम्ही माझ्या तोंडाकडे बघून ऐकता. मी पाठ वळवली की नुसतं हो म्हणता. मागच्या हफ्त्यात मी विचारलं, हॉलची चावी कुणाकडे आहे? तुम्ही म्हणालात, हो."

बाईंचा संताप झाला. ज्या कानांवर मी नोकरी केली, त्यांच्याबद्दल तुम्ही बोलताय, असं त्या त्यांना सुनावू लागल्या.

"म्हणून तर हिंमत होत नव्हती," पारकर म्हणाले. त्यांनी उजव्या कानावरचे पांढरे केस बाजूला केले. कानामागे बोराएवढं यंत्र होतं. मस्कतच्या प्लांटमधल्या आवाजाने कान गेला, सात वर्षं हे लावतो, असं त्यांनी सांगितलं. दर शनिवारी शेजारी बसून बाईंना ते कधी दिसलं नव्हतं.

घरी येऊन त्या या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिल्या. मग त्यांनी टीव्हीवर आपला सगळ्यांत आवडता सिनेमा लावला आणि आवाज पूर्ण बंद केला. नायक बागेत आला, बोलू लागला. बाईंना शब्दन् शब्द ऐकू आला. त्याचा खर्ज, मधला थांबा, नायिकेचं उत्तर, पाठोपाठ सुरू झालेली सतार. टीव्ही मुका होता आणि त्यांना सगळं ऐकू येत होतं.

त्या सोफ्याच्या कडेला बसल्या. पेणला शाळेत असल्यापासून हे सिनेमे त्या इतक्या वेळा बघत आल्या होत्या, की ऐकायची गरजच उरली नव्हती. आणि जे पाठ नव्हतं, त्याला त्या वाईट म्हणत आल्या होत्या. किती वर्षं, याचा हिशेब त्यांना लागेना. चारुता थिएटरमध्ये कुजबुजली तशी आणखी किती वेळा काही बोलली असेल आणि आपण हो म्हणालो असू, हा विचार मनात आला तेव्हा त्यांनी उठून टीव्ही बंद केला.

सोमवारी त्या कान तपासायला गेल्या. तिथल्या मुलीने कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं आणि बारीक शिट्टी ऐकू आली की दाबा म्हणाली. बाई बटणावर अंगठा ठेवून वाट बघत बसल्या. बराच वेळ गेला. अजून सुरू नाही का केलं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा ती मुलगी निम्म्याच्या पुढे गेली होती. कागदावरचा आलेख उजवीकडे पार खाली उतरला होता. मुलीने समजावलं, तुम्हाला आवाज येतो, त्यातले स, श, त, फ असे बारीक उच्चार येत नाहीत. म्हणून बोलणं ऐकू येतं आणि कळत नाही.

यंत्र बसलं त्या दिवशी जग अंगावर आलं. वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी दचकायला व्हायचं. फ्रिज गुरगुरत होता. स्वतःच्याच चपलांचा आवाज मागे मागे यायचा. दोनदा त्यांनी यंत्र काढून डबीत टाकलं, आणि दोनदा परत घातलं, कारण चारुताच्या सिनेमाचा पनवेलमध्ये आता दिवसाला एकच खेळ उरला होता, सकाळी पावणेदहाचा, आणि तोही गुरुवारपर्यंतच.

बुधवारी त्या एकट्याच गेल्या. थिएटरात सात माणसं होती.

मोरा बंदरावरचा प्रसंग आला. वारा होता, इंजिनही होतं, पण त्यांच्यामागून आता भाऊ-बहिणीचे शब्द येत होते. भाऊ म्हणत होता, बाबांना विचारायची काय गरज आहे, त्यांना आता काय कळतंय. म्हणजे जेवणाच्या टेबलावरून ती उठली ती याच्यासाठी. बाई पुढे सरकून बसल्या. घडत होतं की. सगळं बोलण्यातच घडत होतं. लोक का हसले तेही कळलं, आणि विनोद तसा बेताचाच होता.

मध्यंतरानंतर भावाच्या फोनवर वडील बोलत असतात, तेच ते पुन्हा पुन्हा. भाऊ वैतागून फोन ठेवायला जातो, तेव्हा बहीण त्याचा हात धरते आणि म्हणते, "ठेवू नकोस. पलीकडचं माणूस अजून बोलतंय."

चारुता पाच-सहा वर्षांची असताना शाळा सुटल्यावर एक्स्चेंजमध्ये येऊन बसायची. कंटाळली की समोरच्या बोर्डावरच्या चालू फोनच्या वायरी ओढायला बघायची, तेव्हा बाई तिला म्हणायच्या, पलीकडचं माणूस अजून बोलतंय. अगदी याच शब्दांत. त्या दिवशी चारुता झुकली होती, ती इथेच.

पुढची दहा मिनिटं त्यांना पडदा नीट दिसला नाही. दिसायला लागला तेव्हा मात्र त्यांचं लक्ष उडायला लागलं. जमीन विकली जाणार, हे कळून चुकलं होतं आणि तरी बहीण मिठागरातून चालतच होती. पुन्हा चालली. पुन्हा बसली. बाईंनी यंत्र चाचपलं. यंत्र चालू होतं. सिनेमाच लांबला होता.

बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी चारुताला फोन लावला. पारकरांपासून कानाच्या आलेखापर्यंत सगळं एका दमात सांगितलं.

"तू हो म्हणालीस आणि फोन बघायला लागलीस," चारुता म्हणाली. "मला वाटलं, तुला आवडलं नाही मी ते वाक्य घेतलेलं."

"मला ऐकूच आलं नव्हतं."

"सांगायचं ना, आई."

"मलाच माहीत नव्हतं गं," बाई म्हणाल्या. ते पुरतं खरं नव्हतं, म्हणून त्यांनी पुढे जोडलं, "थोडं माहीत होतं."

मग त्यांनी पहिल्या भागाबद्दल सांगितलं. कुठलं वाक्य कुणाच्या तोंडी होतं, कुठे भाऊ खोटं बोलतो आणि कुठे त्यालाच ते कळत नाही. चारुता मधेमधे हसत होती, एकदा तिने नाक ओढलं आणि बाईंना तेही ऐकू आलं. आता इथेच थांबावं, असं त्यांना वाटलं. पण त्यांना राहवेना.

"शेवटची वीस मिनिटं मात्र मला कंटाळा आला," त्या म्हणाल्या. "या वेळी कानाचा काही संबंध नाही. ती उगाच चालते."

चारुता चिडली. ते चालणं म्हणजेच शेवट आहे, ती म्हणाली, तुला जुन्या सिनेमांसारखं कोर्टात भाषण हवं असतं. बाई म्हणाल्या, भाषण नको, पण तिला काय वाटतं ते मला कळलं पाहिजे. चारुता म्हणाली, तिलाच कळलेलं नाही. मग ते तरी दाखव, बाई म्हणाल्या. पुढच्या सिनेमाची माणसं आत जायला लागली होती. बाई उठून उभ्या राहिल्या होत्या आणि बाकाभोवती येरझाऱ्या घालत होत्या.

"तू असतीस तर काय लिहिलं असतंस?" चारुताने जरा तुटकपणेच विचारलं.

"मला नाही माहीत," बाई म्हणाल्या. "थांब, ठेवू नकोस, विचार करते."