जत्रेच्या सुट्टीआधीचे टोमॅटो

सप्टेंबरात, म्हणजे इकडे दक्षिण गोलार्धातल्या वसंतात, जर्दाळू फुलला की आमच्या होबार्टात सगळ्यांचे हात शिवशिवतात, टोमॅटो लावू या म्हणून. पण ऑक्टोबरअखेरच्या जत्रेच्या सुट्टीआधी टोमॅटो जमिनीत घालायचा नाही. तोवर डोंगरावरचा गारठा कधीही खाली उतरतो. माझा नवरा क्लॅरी तर या नियमाचा हवालदारच. शेजारची ग्लेनिस दरवर्षी घाई करायची, तिची रोपं करपायची, आणि हा कुंपणावरून ओरडायचा, "काय बाई, झाली ना राख यंदाही?"

त्या वर्षी घाई मी केली. डॉक्टरने मला एकटीला बाहेर बोलावून सांगितलं होतं, नाताळ काही दिसायचा नाही याला. क्लॅरीला सांगायला माझी जीभच उचलेना. पण घरचा एक टोमॅटो, मीठमिरी लावून, पावात घालून, एवढं तरी त्याच्या तोंडात पडावं! म्हणून तो झोपलेला असताना वाफा उकरला आणि त्याने खिडकीत वाढवलेल्या रोपांतली निम्मी नेऊन खोचली.

मान वर केली तर हा मागच्या दारात, पायजम्यावर उभा. म्हटलं, आता माझी धडगत नाही.

"नेरिडा," तो हळूच म्हणाला, "डॉक्टर काय म्हणाला गं तुला?"

मी तिथेच मातीत बसून ढसाढसा रडले. तो भिंत धरत धरत आला, रोपांकडे बघून म्हणाला, "लावायचीच आहेत तर सरळ तरी लाव. दारू पिऊन लावल्यासारखी लावलीस."

उरलेली रोपं त्याने ग्लेनिसला देऊन टाकली. मला वाटलं, बरं झालं, मिटलं एकदाचं यांचं भांडण.

मग रोज संध्याकाळी आम्ही वाफ्यावर जुन्या चादरी पांघरायचो. तो खुर्चीतून हुकूम सोडायचा, "तो कोपरा दाब, बये!"

"तूच ये ना दाबायला, मोठा आलाय!"

मला वाटायला लागलं होतं, जगतात. रोपंही आणि हाही.

ऑक्टोबरच्या मध्याला दव गोठलं. सकाळी चादरी काढल्या तर सगळी रोपं काळी. क्लॅरी खिडकीतून म्हणाला, "सांगत नव्हतो?" आणि इतका हसला की खोकला आवरेना. त्याच आठवड्यात तो गेला.

जत्रेच्या सुट्टीला ग्लेनिस दारात आली. हातात रोपांचा ट्रे, रोपं कशी टवटवीत.

"क्लॅरीची आहेत. म्हणाला होता, तिची काही वाचायची नाहीत. ही सुट्टीच्या दिवशी नेऊन दे, आणि ती लावेपर्यंत तिथून हलू नकोस."

म्हणजे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं लबाडाला! तरी रोज माझ्याबरोबर चादरी घालत बसला.

मी ग्लेनिसवर खेकसले, "कुणासाठी लावू? खाणारा गेला ना!"

ती ट्रे धरून तशीच उभी राहिली. हलली नाही. शेवटी मीच खुरपं घेतलं.