टाकीचं झबलं

"टाकीत पाणी चढून गल्लीच्या नळाला आलं, तर मी त्या टाकीला झबलं शिवेन," शिवणकाकू म्हणाल्या. "टोपड्यासकट. आणि नाही आलं, तर फॉरेन, तू सूट घालून, डोक्यावर हंडा घेऊन माझं पिंप भरायचं. खालच्या नळापासून माझ्या दारापर्यंत. आणि दर वळणाला ओरडायचं, पाणी आलं हो, पाणी आलं."

पायऱ्यांवर बादल्या टेकवून दम खात बसलेली अख्खी गल्ली खिदळली.

फॉरेन म्हणजे देशोदेशी रस्ते, पूल आणि पाण्याच्या योजना बांधून देणाऱ्या एका बड्या संस्थेतला पायाभूत सुविधांचा तज्ज्ञ. निम्मं वर्ष तो विमानात असायचा म्हणून गल्लीने हे नाव ठेवलं. पण विमानातून उतरला की त्याचंही पिंप रिकामंच असायचं. गल्ली टेकडीवर, आणि पाणी टेकडीच्या पायथ्याच्या जुन्या नळाशी येऊन थबकायचं. पुढे ते चढायचं माणसांच्या डोक्यावरून. जगाच्या टाक्या बांधून झाल्यावर यंदा संस्थेने त्याच्याच गल्लीची टाकी त्याच्या गळ्यात घातली होती.

"लागली पैज," फॉरेन म्हणाला. "टोपडं जरा मोठं घ्या काकू, टाकीचं डोकं मोठं आहे."

"तुझ्या साहेबलोकांपेक्षा?"

फॉरेन हसला. त्याला हरायचं कारणच दिसत नव्हतं. टाकी उभी होती, पंप बसला होता, पाइप त्याने स्वतः उन्हात उभं राहून पुरून घेतला होता. एकच गोष्ट त्याने हिशेबात धरली नव्हती. बोर्ड.

योजनेला सहा संस्थांचा हातभार होता, म्हणजे बोर्डावर सहा चिन्हं यायची होती. कुणाचंही चिन्ह दुसऱ्यापेक्षा बोटभरही लहान नको, यावर एका गारेगार हॉटेलात कार्यशाळा झाली. रंगीत चिठ्ठ्या भिंतीला चिकटल्या, गट पडले, गटांचे उपगट पडले, जेवणं झाली. टाकी किती मोठी हवी हे ठरवताना यातलं एकही माणूस जागं नव्हतं. शेवटी बोर्ड इतका वाढला की वाऱ्याने उडेल म्हणून त्याला लोखंडी पाय आले, आणि पायांना काँक्रीटचा पाया आला. जागा निवडली फोटोवाल्याने. तिथे सकाळचं ऊन छान पडतं आणि मागची कचराकुंडी दिसत नाही, म्हणून.

पाइप बरोबर तिथूनच जात होता. खणणाऱ्यांनी तो तोडला, खड्ड्यात काँक्रीट ओतलं आणि निघून गेले. त्यांचं काय चुकलं? बोर्ड प्रसिद्धी विभागाचा, पाइप तांत्रिक विभागाचा. हे दोन विभाग एकमेकांना फक्त जेवणाच्या रांगेत भेटायचे, आणि तिथेही बोलायचे नाहीत.

उद्घाटनाला थोडे दिवस उरले असताना फॉरेनने पंप चालवून पाहिला. टाकी कोरडी ठणठणीत, आणि बोर्डाच्या पायाशी मात्र म्हशी लोळतील असा चिखल. तो चिखलाकडे बघत उभा राहिला आणि बोर्डाच्या घराण्याचा मनातल्या मनात उद्धार करून तडक ऑफिसात गेला.

मोठ्या बाई, म्हणजे संस्थेच्या इथल्या प्रमुख, बाटलीतलं पाणी पीत होत्या. त्यांच्या मागे भिंतीवर हंडा घेऊन हसणाऱ्या मुलीचा भलामोठा फोटो होता. हंडा रिकामा असणार, नाहीतर कोण हसतंय.

"बोर्डाचा एक पाय उचलावा लागेल, बाई. खाली पाइप तुटलाय."

"बोर्ड हलणार नाही. सहा जणांनी मंजूर केलाय तो."

"मग पाइप वळवून घेतो. मला महिनाभर द्या."

"महिना कुठला? परदेशातून पैसे देणाऱ्या पाहुण्या बाई येतायत. त्यांनी फीत कापली, नळाखाली ग्लास धरला, फोटो झाला, त्यांची सही झाली, की योजना पूर्ण. त्याच दिवशी फाइल बंद."

"पण पाणीच नाही."

"टँकर आहे ना. टाकीमागे उभा करा, नळी नळाला जोडा. फोटोपुरतं पाणी येईल." त्या गोड हसल्या. "तुमची मुख्य कचेरीत बदली मीच सुचवलीय, माहितीये ना? एक सकाळ सांभाळा."

फॉरेन मान डोलावून बाहेर आला. या बाईंनी आजवर किती देशांत असे टँकर उभे केले असतील, याचा तो हिशेब करायला लागला आणि त्याला एकदम कळलं की त्यातले दोन-तीन त्यानेच मागवून दिले होते. तिथल्या गल्ल्यांत त्याला राहायचं नव्हतं, एवढाच काय तो फरक.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे फाइल बंद झाली की पाइप जोडायला कुणी येणार नाही?"

"कुत्रंसुद्धा येणार नाही."

"आणि फोटो नाही निघाला, तर फाइल उघडी राहते. पण तुमची बदली जाते."

"हो."

"आणि काकूंचं पिंपही भरावं लागतं." ती हसायला लागली. "अहो, सूट इस्त्रीला टाकू का?"

उद्घाटनाच्या सकाळी टँकर आला. मोठ्या बाई पाहुण्यांना आणायला गेल्या होत्या. टँकरवाला काच खाली करून म्हणाला, "साहेब, कुठे लावायचा?"

"टाकीमागे," फॉरेन म्हणाला. "नळी सोडा आणि समोर चहा घ्या. बाकी मी बघतो."

मग त्याने पायऱ्यांकडे तोंड करून फक्त खाकरलं. बायकोने रात्रीच दारोदार निरोप दिला होता. बादल्या, कळश्या, पिंपं, कुणाच्या तरी बाळाचा टबसुद्धा, सगळं खाली उतरलं. टँकरवाल्याचा दुसरा चहा संपेपर्यंत टँकर आतून ढोलासारखा वाजायला लागला. शिवणकाकू मात्र रिकामं पिंप दाराशी ठेवून वरच बसल्या होत्या. पैजेत टँकरचं पाणी धरायचं नाही, असं त्यांचं म्हणणं.

पाहुण्या आल्या. फीत कापली. भाषणं झाली. सहा चिन्हांच्या सहा माणसांनी सहा वेळा एकच गोष्ट सांगितली. मग पाहुण्यांनी नळाखाली ग्लास धरला, फोटोवाला गुडघ्यावर बसला आणि मोठ्या बाईंनी स्वतः तोटी फिरवली.

नळातून एक लांबलचक ढेकर आला. मग काहीच नाही.

वरून शिवणकाकूंचा आवाज आला. "फॉरेन, चल बाबा. पैज म्हणजे पैज."

त्यांनी उद्घाटनाच्या कापडी फलकाचा उरलेला तुकडा वळून चुंबळ शिवली होती. ती हातोहात खाली आली. फॉरेनने टायची गाठ नीट केली, चुंबळ डोक्यावर ठेवली. सहापैकी दोन चिन्हं त्याच्या कपाळावर आली. खालच्या जुन्या नळावर भरलेला हंडा गल्लीतल्या पोरींनी त्याच्या डोक्यावर चढवला.

"हे काय चाललंय?" मोठ्या बाई दातांतून म्हणाल्या.

पाहुण्या मात्र खूश होत्या. "ही इथली परंपरा आहे का?" त्यांनी दुभाष्याला विचारलं.

"सामुदायिक सहभाग," दुभाष्या म्हणाला. नोकरीत मुरलेला होता तो.

"नाही हो बाई," हंडा सावरत फॉरेन पाहुण्यांना म्हणाला. "मी या योजनेचा तज्ज्ञ. पाणी येईल म्हणालो होतो, आलं नाही. पाइप त्या बोर्डाच्या पायाखाली तुटून पडलाय. म्हणून हे असं."

दुभाष्याने मोठ्या बाईंकडे पाहिलं, आपल्या पगाराचा विचार केला, मग कुणास ठाऊक काय मनात आलं, जसंच्या तसं सांगून टाकलं. पाहुण्यांनी बोर्डाकडे पाहिलं, हातातल्या कोरड्या ग्लासाकडे पाहिलं आणि तो मोठ्या बाईंच्या हातात दिला. "या नळाचं पाणी पिईन तेव्हा सही करीन," त्या म्हणाल्या. दुभाष्याने तेही मोठ्याने सांगितलं, अगदी वरच्या पायरीला ऐकू जाईल असं.

मोठ्या बाईंनी फॉरेनकडे असं पाहिलं की त्याची बदली जागच्या जागी करपली.

तो चढायला लागला. पहिल्या वळणाला पाणी त्याच्या कॉलरमधून पाठीत उतरलं.

"ओरड," गल्ली म्हणाली.

"पाणी आलं हो," तो म्हणाला.

"ऐकू नाही आलं."

"पाणी आलं हो, पाणी आलं."

दाराशी शिवणकाकू पिंपाचं झाकण धरून उभ्या होत्या. आत शिवणयंत्रावर निळ्या कापडाचा डोंगर पडला होता. झबलंच होतं ते, टाकीच्या मापाचं.

"कधी कापलंत?" त्याने धापा टाकत विचारलं.

"पैज लागली त्याच दिवशी. बाह्या राहिल्यात. पाइप जोड, मग लावते." त्यांनी पिंपात डोकावून पाहिलं. "अर्धंसुद्धा नाही भरलं. जा खाली, अजून घेऊन ये. आणि ओरडत जा, उतरताना तोंड मोकळंच असतं."