बेडूक चालवणारी काठी

मित्रांनो, मी एक जुनी गरीची काठी आहे. गरी म्हणजे मासे धरायचा गळ. आमच्या झाडीपट्टीत त्याला गरीच म्हणतात. माझी लांबी जेमतेम पाच हात, बुडाकडच्या पेराला एक बाक आणि शेंड्यावर नि अंगावर लाखेची ठिगळं. एवढं सांगितलं की ऐकणारे लगेच चुकचुकतात, ‘बिचारी!’ म्हणतात. ते आधी बंद करा. मी बिचारी कधीच नव्हते. गोष्ट ऐकायची तर नीट ऐका, कीव करायची तर दुसरी काठी बघा.

माझा जन्म केशोरीकडच्या जंगलातला. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी आमच्या बांबूच्या बेटातून जे कोंब वर आले त्यातली मी एक. बाकीचे सरसर आभाळाकडे गेले. माझ्या अंगावर मात्र सागाची एक वाळकी फांदी येऊन पडली. तिच्याखालून वाकून मला वाट काढावी लागली, हा बाक तेव्हाचा. उंची खुंटली, पण अंग भरलं. आमच्यात पोकळ बांबू असतो तसा आतून भरीव बांबूही असतो. मी भरीव, आणि याचा मला गर्व आहे, उगाच कशाला लपवू!

पाचव्या वर्षी पतिराम मडावीने मला तोडलं. पतिराम जंगलखात्याच्या कामावर बांबू तोडायचा. त्याने सरळ बांबूंची चवड रचली आणि मला बाजूला भिरकावून दिलं. “हे कोन घेईल?” म्हणाला. त्याची बायको भागीरथा हिने मला उचललं. अंगणात धान वाळत घातलेलं असायचं, त्यावरच्या कोंबड्या हाकलायला तिला काठी हवी होती. झालं, लागली मला नोकरी! सरळ बांबूंना त्याचं फार हसू आलं. हसोत बापडे. माझ्या पहाऱ्यात एका कोंबडीने धानाला चोच लावली असेल तर शपथ!

आता चैतरामची ओळख करून देते, कारण तो नसता तर मी आजही हुश्श हुश्श करत बसले असते. चैतराम ढिवर. बापजाद्यांपासून तलावात जाळं ओढणारं घर. गावच्या जाळ्यावर बारा जण होते आणि उदाराम त्यांचा म्होरक्या. उदारामने “ओढ गा!” अशी आरोळी दिली की बाराही जण एका दमात ओढत. मासळी निघाली की तिचे वाटे पडत. जाळं ओढणाऱ्याला उभा वाटा. म्हातारे, आजारी, विधवा यांना त्याच्या अर्धा, आणि त्याला म्हणत बसका वाटा. बसून खाणाऱ्याचा, म्हणून बसका.

एका उन्हाळ्यात चैतराम गोंदियाला धानाच्या गिरणीत कामाला गेला आणि त्याचा उजवा हात यंत्राच्या पट्ट्यात सापडला. तीन बोटं गेली, मनगट ताठ झालं. पावसाळा सरता सरता घरी आला तेव्हा उदारामने त्याच्या दारात मासळीची टोपली ठेवली. चैतरामने टोपलीत पाहिलं. अर्धीच होती.

“हे का होय गा?”

“बसका वाटा,” उदाराम म्हणाला. “तुह्या हातानं आता जाळं का ओढनं होते? राग नको मानू. उपाशी नाई ठेवत आमी कोनाले.”

“घेऊन जा,” चैतराम म्हणाला. “मी बसलो नाई अजून.”

उदाराम माणूस वाईट नव्हता, पण त्यालाही झोंबलं. तो म्हणाला, “असं का? मंग मंडईच्या आधी तलावातून एक मरळ काढून दाव. उभा वाटा देतो. नाई काढली त मुकाट्यानं बसका घ्यायचा, जन्मभर.”

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. रात्री दंडारीचा खेळ होतो, पाहुणे येतात आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या वर्षाचे वाटे ठरतात. म्हणजे चैतरामच्या हाती महिनाभर होता. आणि मरळ ही काही साधी मासळी नव्हे. जाळं आलं की ती चिखलात घुसते. त्यात कार्तिकात तलाव तुडुंब, वर कमळाची पानं आणि शिंगाड्याचे वेल, जाळं टाकायची सोयच नसते. तिला धरायचं तर पानांच्या फटीत गरीला बेडूक लावून फिरवावा लागतो. पण जिवंत बेडूक दर वेळी काट्यात ओवायला दोन धड हात लागतात. चैतरामकडे दीडच होता.

मग त्याने लाकडाचा बेडूक केला. पांगाऱ्याचं हलकं लाकूड पायाच्या तळव्यांत धरून डाव्या हाताने कोरलं, आणि वेलीत अडकू नयेत म्हणून काटे पोटाखाली न लावता पाठीवर लावले. त्याची बायको शामकला हिने मांडीवर कोशाचा धागा वळून दोर केला आणि टेंभराच्या फळांच्या चिकट रसात भिजवून पक्का केला. राहिली काठी. त्यासाठी चैतराम पतिरामच्या अंगणात आला.

“जाळ्यावाल्याले काठी कायले पाह्यजे?” पतिरामने विचारलं, आणि चवडीतला सगळ्यात लांब बांबू काढून दिला. “हे घे. पार मधात पोचंल.”

चैतरामने तो अंगणामागच्या बोडीवर, म्हणजे लहानशा तळ्यावर, नेऊन बेडूक बांधला, शेंडा पाण्याकडे झुकवला आणि डाव्या हाताने बारीक झटका दिला. शेंडा फाटकन पाण्यावर आपटला. काठी फार लांब. दुसरी जाडजूड होती. तिने बेडूक सरळ फरफटत आणला. तिसरी इतकी लवचिक की झटका बेडकापर्यंत पोचेचना, शेंडा आपला डुलतोय तो डुलतोयच.

“बेंडूक ओढाचा नाई, चालवाचा हाय,” चैतराम म्हणाला. “एक डाव इकडं तोंड, एक डाव तिकडं. ओढला त मरळ पाहत बी नाई.”

अकरा काठ्या झाल्या. पतिराम वैतागला. “पोरगी पाहाले गेला असतास त आतापर्यंत लगन लागलं असतं!”

तेवढ्यात भागीरथाने कोंबड्यांवर मला उगारलं. माझा शेंडा सपकन हलला आणि जागच्या जागी थांबला. चैतराम बघतच राहिला.

“ते काठी दाव वो.”

“हे? हे कोंबड्याची हाय. तुले देल्ली त कोंबड्या का तू हाकलशील?”

पण तिने दिली. त्याने डाव्या मुठीत माझं बूड धरलं, आणि काय सांगू मित्रांनो, त्याचं ते ताठ झालेलं उजवं मनगट माझ्या बाकात चपखल बसलं! माझं वजन मनगटाने पेललं, डावा हात मोकळा झाला. शेंडा खाली करून त्याने झटका दिला आणि लगेच दोर सैल सोडला. बेडकाने मान उजवीकडे वळवली. पुन्हा झटका, पुन्हा ढील. मान डावीकडे. लाकडाचा तो ठोकळा बोडीवरून तोऱ्यात चालू लागला. चवडीतल्या त्या सरळसोट बांबूंनी तेव्हा काय केलं असेल? काहीच नाही. जळत बसले असतील!

“घेऊन जा,” भागीरथा म्हणाली. “पन पहिली मासळी माह्या घरी आनाची. नाई त काठी आनाची.”

गावात हसू झालंच. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जाळ्यावरचे सगळे रिकामेच बसलेले. “चैतराम, कोंबड्या पान्यात का गा?” असं कुणीतरी ओरडलं. आम्ही लक्ष दिलं नाही. बेडूक पानांच्या फटीतून चालत गेला. अचानक पाणी फुटलं, मरळीचं काळं डोकं वर आलं आणि पाळीवरून उदारामचा आवाज आला, “ओढ गा!”

चैतरामने ओढलं. बेडूक सुसाट उडाला आणि मागच्या पळसाला जाऊन अडकला. मरळ गेली. पाळीवर लोक पोट धरधरून हसले.

मला त्याचा भयंकर राग आला होता. अरे, मी कशाला आहे मग? मरळ आधी बेडकाला नुसती धडक देते, मग तोंडात घेऊन खाली वळते. तेवढा वेळ तिला द्यावा म्हणूनच माझा शेंडा मऊ आहे. तो खाली गेला की ओढायचं, पाणी फुटलं की नाही. पण चैतरामच्या अंगात वीस वर्षांचं जाळं होतं. आरोळी आली की अंग आपोआप ओढायचं. पुढं कुणी ओरडणारं नसतानाही तीन वेळा त्याने तेच केलं आणि तीन मरळी गेल्या. तिसरी गेली तेव्हा त्याने मला गवतात फेकलं आणि डोकं धरून बसला.

“घेतो बसका वाटा,” तो पुटपुटला.

शामकलाने मला उचललं, पुसलं आणि त्याच्या पुढ्यात धरलं. “तू पान्याकडं पाहतेस, म्हनून हात धावते. डोरे मीट,” ती म्हणाली. “बसका वाटा घरात आला त चूल पेटनार नाई, सांगून ठेवतो.”

मंडईच्या दिवशी सकाळी आम्ही पाळीखाली उभे होतो. मंडईला निघालेली माणसं नवे कपडे घालून पाळीवरून चालली होती. उदारामही होता. आम्हाला पाहून तो थांबला, म्हणून सगळे थांबले. चैतरामने डोळे मिटले. मी बेडूक चालवला. उजवीकडे, डावीकडे. एका पानाशी क्षणभर थांबवला, पुन्हा हलवला.

पाणी फुटलं.

“ओढ गा!” उदाराम ओरडला. त्याच्याबरोबर आणखी दहा गळे ओरडले, “ओढ! ओढ!”

चैतरामच्या दंडाचा स्नायू थरथरला, तो मला बुडापर्यंत जाणवला. पण हात हलला नाही. पाळीवर लोक बोंबलत होते, त्याला शिव्या घालत होते, आणि तो डोळे मिटून उभा. मग माझा शेंडा खाली वळला. हळूच, आणि मग एकदम. तेव्हा त्याने ओढलं.

काय जोर होता त्या मासळीत! माझं पेर न् पेर करकरलं, शेंड्याला तडा गेला. तिला वाटलं असेल, ही बुटकी मोडेल. मी मोडले नाही! चैतराम मला घेऊन पावलापावलाने मागे सरला आणि हातभर लांबीची मरळ चिखलात आणून टाकली. उदाराम पाळीवरून धावत खाली आला. 

“मी ओढ म्हनलो तवा काऊन नाई ओढला गा?”

“तुह्या म्हनन्यानं आता ओढत नाई,” चैतराम धापा टाकत म्हणाला. “काठीनं सांगतलं तवा ओढलो.”

ती मरळ भागीरथाच्या घरी गेली. आमच्या घरी मंडईच्या दिवशीही आंबाडीची भाजीच होती, आणि ती शामकलाने पाहुण्यांना मिरवून वाढली.

दुसऱ्या दिवशी पारावर बैठक बसली. उदाराम शब्दाचा पक्का. सगळ्यांदेखत त्याने सांगितलं, “चैतरामचा उभा वाटा.” चैतराम मात्र उठला नाही. मी त्याच्या खांद्याला टेकून होते.

“घेतो,” तो म्हणाला. “पन बसका वाटा हे नाव आजपासून बंद करा.”

“मंग का म्हनाचं?” कुणीतरी विचारलं. “जे बसून खाते...”

“मी बसली नाई, बाप्पा,” मागून आवाज आला. ती सुमित्राबाई होती. तिचा नवरा जाळं ओढताना बुडाला, त्याला पंधरा वर्षं झाली होती. दिसायचं कमी झालं होतं तरी तिच्या मांडीवर तेव्हाही जाळं होतं आणि बोटं चालत होती. “तुमी ओढता ते फाटलेलं जाळं कोन विनते? पंधरा वर्स झाली, एकानं बी इचारलं नाई.”

 उदारामने मान खाली घातली. मग तो उठला आणि वाट्यांची नावं पुन्हा पहिल्यापासून घेऊ लागला. तिची पाळी आली तेव्हा तो मोठ्याने म्हणाला, “सुमित्राबाईचा वाटा. पुरा.”

त्याला आता आठ वर्षं होतील. माझ्या शेंड्याच्या तड्यावर चैतरामने कोशाचा धागा गुंडाळून लाख ओतली. पुढं एक साहेब चकचकीत लांब काठी घेऊन आला, त्याच्या बेडकाने जागचं हलायला नकार दिला. सांगायला नको, मला गुदगुल्या झाल्या. मध्ये चैतराम तापाने पडला तेव्हा दोन पावसाळे मी आढ्यावर पडून होते. भुंग्याने अंग पोखरायला घेतलं. मी रडले नाही, पण मित्रांनो, तो काळ वाईट होता. बरा झाल्यावर त्याने मला खाली काढलं, भोकांत लाख भरली, मोहाच्या बियांचं तेल चोळलं. “बुडगी झालीस वो,” म्हणाला. मी म्हटलं, तू तरी कुठं तरणा आहेस!

तुमच्याही घरी वाकलेली, तडकलेली एखादी वस्तू असेल. तिच्यावर दया दाखवू नका. तिला पुसा, तेल लावा, जिथं तडा गेलाय तिथं घट्ट बांधा आणि कामाला न्या. जपणं म्हणजे कोपऱ्यात उभं करून ठेवणं नव्हे, तिथं वाळवी लागते. माझी जागा पाण्यावर आहे, आणि जोवर माझ्यात एक झटका शिल्लक आहे तोवर मी ती कुणालाही देणार नाही.