सात वेळा पुसलेला फिल्टर

मित्रांनो, मी एक जुना ऑइल फिल्टर आहे. तुम्ही म्हणाल, जुने होणे हा काय गुन्हा आहे? माणसांत नसेल. आमच्या जातीत मात्र जुने व्हायची रीतच नाही. सात-दहा हजार किलोमीटर राबायचे आणि भंगारात जायचे, एवढेच आमचे आयुष्य, आणि त्यात आम्ही सुखी असतो. मला त्रेपन्न हजार किलोमीटर मरू दिले नाही. ज्याने हे केले त्याच्यावर मी डूख धरला आणि सूडही उगवला. तो कसा, ते आज सांगतो. ऐकून झाल्यावर मला वाईट म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा.

माझा जन्म एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये झाला. पोटात पिवळसर कागदाच्या बारीक घड्या, वरून काळा डबा, तोंडाशी रबराची रिंग. शेवटी एका यंत्राने माझ्या बुडावर महिना आणि वर्ष ठोकले. ठोकताना दुखले, पण आपल्यालाही जन्मतारीख मिळाली म्हणून मी खूश झालो. माझ्या आत एक छोटी झडप आणि तिच्यामागे स्प्रिंगही बसवली होती. ती कशासाठी, हे नीट ऐकून ठेवा. इंजिनातले तेल माझ्या कागदातून गाळून पुढे जाते. काजळी, धातूचा कीस, सगळी घाण मी पोटात ठेवतो. पण मी पार तुंबलो तर? इंजिन कोरडे पडायला नको, म्हणून ती झडप उघडते आणि तेल न गाळताच आत सोडते. आमच्याकडे ही झडप उघडण्याची वेळ येणे लाजिरवाणे समजतात.

मला एका डिझेल पिकअपवर बसवले. जागा कुठली म्हणाल? उजव्या पुढच्या चाकाच्या मागे, चासीचा लोखंडी पट्टा आणि स्टार्टर यांच्या बेचक्यात. वरून बघावे तर पाइप आडवे येतात, खालून बघावे तर पत्रा. नकाशावर ही जागा फार सुबक दिसली असणार. नकाशा काढणाऱ्याच्या पेन्सिलीला कोपर नसते ना! माझ्यापर्यंत नीट पोचायचे तर एकच वाट होती. गाडी जॅकवर घ्यायची, चाक काढायचे, आतला प्लॅस्टिकचा पडदा सोडवायचा आणि मग हात घालायचा. पाऊण तासाचे काम. मला बसवणाऱ्या माणसाने ते शिस्तीत केले. त्याचा चेहरा मला आठवत नाही. भल्या माणसांचे चेहरे असेच विसरले जातात, डूख धरलेले मात्र पाठ असतात.

पिकअप एका धुलाईच्या कारखान्याची होती. दवाखाने आणि हॉटेलांच्या चादरी तिथे धुतल्या जात. कारखाना बघायच्या वहिनी. त्यांचे यजमान बॉयलरपाशी असत आणि फारसे बोलत नसत. गाडी चालवायचे ते त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे वहिनींचे दीर. वहिनी त्यांना भावजी म्हणत, म्हणून सगळा कारखाना त्यांना भावजीच म्हणे. मीही तसेच म्हणतो.

भावजी काडीसारखे बारीक, पण गाडीच्या बाबतीत भारी काटेकोर. गाडीच्या पुस्तकात तेल दहा हजारांवर बदला असे लिहिले होते. भावजी सात हजारांवर अडून बसत. वहिनी म्हणत, "पुस्तक लिहिणारे काय वेडे आहेत का?"

"पुस्तकवाल्यानं ओल्या चादरी वाहिल्या असत्या, तर त्यानंही सातच लिहिलं असतं," भावजी म्हणत. "दर चौकात थांबायचं, परत निघायचं, अंगावर दीड टन वजन. तेल लवकर काळं पडतं, वहिनी."

"बरं बाबा, घ्या सात हजार. तुमच्यापुढे कोण बोलणार?"

असा माणूस मिळाला म्हणून मी निर्धास्त होतो. वेळेवर मरण येणार, याची मला खात्री होती. पण सात हजार झाले आणि भावजींनी गाडी पैलवानाकडे नेली.

पैलवान हा गाड्या दुरुस्त करणारा. तरुणपणी कुस्त्या खेळलेला. त्याचे दंड माझ्या डब्यापेक्षा दुप्पट जाड होते. गॅरेजवर त्याने मोठ्या अक्षरांत लिहिले होते, "अर्ध्या तासात तेलबदली. चाक न काढता." येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दंड थोपटून सांगायचा, "चाक बाकीच्यांना काढावं लागतं. आपला हात आहे ना!" आता हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळे काय असते? भावजी समोर चहा प्यायला गेले आणि पैलवानाने गाडीखाली सरकून बेचक्यात हात घातला. मनगटापर्यंत गेला. पुढे जाईना. त्याने तिरका केला, उलटा केला, दात-ओठ खाल्ले. कातडे सोलून निघाले, तरी त्याची बोटे माझ्यापासून वीतभर लांबच राहिली.

चाक काढले असते तर प्रश्न मिटला असता. पण बाहेर दोन गिऱ्हाइके उभी होती आणि वर ती पाटी. त्याने जुने तेल काढले, नवे भरले, काठीला फडके गुंडाळून डिझेलने माझे अंग पुसले आणि लांब दांड्याच्या ब्रशने माझ्यावर पांढऱ्या रंगात त्या दिवसाची तारीख लिहिली. मग टोपलीतून दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा मेलेला फिल्टर उचलला आणि नव्या फिल्टरच्या खोक्यात घालून भावजींच्या हातात दिला.

"हा घ्या तुमचा जुना. बघा किती काळा झालाय."

भावजींनी मोबाइलच्या उजेडात वाकून पाइपांच्या फटीतून तारीख वाचली आणि समाधानाने मान हलवली. माझ्या नावाने दुसऱ्याचे प्रेत दाखवले, मित्रांनो! आणि भावजींनी आणलेला नवाकोरा फिल्टर पैलवानाने एका सोप्या गाडीला लावून टाकला. मी तळमळत राहिलो. पुढच्या खेपेला तरी सुटका होईल म्हणून आणखी सात हजार काढले.

पुढच्या खेपेला त्याने हात घालून बघितलासुद्धा नाही. थेट फडकेच आणले. तिसऱ्यांदा तेच, चौथ्यांदा तेच. दर वेळी आधीची तारीख थिनरने पुसायची, नवी लिहायची. बाहेरून मी नवरदेवासारखा चकचकीत आणि आत घड्यांना घड्या चिकटलेल्या. नवे तेल यायचे, माझ्या पोटातल्या जुन्या घाणीत नहायचे आणि आठ दिवसांत काळे व्हायचे. भावजी डिपस्टिक पुसून बघत आणि बुचकळ्यात पडत. पैलवान हसून म्हणे, "डिझेल आहे ते. काळं होणारच."

सातव्यांदा पुसला गेलो तेव्हा मी ठरवले. फार झाले. माझी झडप थरथरत होतीच. इतके दिवस मी सगळी ताकद लावून ती धरून ठेवली होती, कारण इंजिनाशी माझे भांडण नव्हते. त्या दिवशी मी ती सोडली. सताड उघडी ठेवली. कीस, काजळी, वाळू, जे येईल ते जाऊ दिले. कुंपणानेच शेत खाल्ले म्हणा हवे तर. पैलवानाच्या हातचे इंजिन बसले की त्याची अब्रू जाणार, एवढेच माझ्या डोक्यात होते. आठवडेच्या आठवडे मी मनात त्याचा पडलेला चेहरा बघत होतो आणि मला फार बरे वाटत होते. लाज वाटली नाही. खोटे कशाला सांगू?

एके दिवशी सकाळी दवाखान्याच्या चादरींचे गठ्ठे घेऊन आम्ही चढावर होतो. तेलाची लाल बत्ती लागली. भावजींनी गाडी कडेला घ्यायला स्टिअरिंग वळवले, तेवढ्यात आतून ठणठण आवाज झाला आणि इंजिन जागीच जाम झाले. भावजी खाली उतरले, बॉनेट उघडून उभे राहिले, आणि मग भर रस्त्यात लहान मुलासारखे रडले. मला पैलवान हवा होता, मित्रांनो. माझ्या हाती लागले भावजी. सुक्याबरोबर ओलेही जळते, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. मी त्याचा विचारच केला नव्हता.

त्या दिवशी चादरी दुपारी पोचल्या. दोन वॉर्डांत आजारी माणसे तोवर उघड्या गाद्यांवर बसून होती. दवाखान्यातून वहिनींना बरेच ऐकून घ्यावे लागले. संध्याकाळी गाडी ओढून कारखान्याच्या शेडमध्ये आणली आणि पैलवानाला बोलावले. त्याने बॉनेटमध्ये डोकावून जिभेने च्यक केले.

"तेल माझ्या हातचं, फिल्टर माझ्या हातचा. त्यात काही खोट नाही," तो म्हणाला. "बत्ती चार दिवस लागत असणार. यांनी तशीच हाणली."

"काय बोलता पैलवान? वहिनी, बत्ती लागली तेव्हा मी चढावर होतो. लगेच कडेला घेत होतो. शपथेवर सांगतो."

"अहो, एका मिनिटात इंजिन बसतं का कुठं? सात हजारांच्या गप्पा मारायच्या आणि लाल बत्ती दिसू नये?"

भावजींनी आपल्या थोरल्या भावाकडे पाहिले. ते बॉयलरकडे निघून गेले.

"भावजी, किल्ली इथे ठेवा," वहिनी म्हणाल्या. "उद्यापासून घड्यांच्या टेबलावर बसा."

अकरा दिवस भावजी चादरींच्या घड्या घालत होते. जेवायच्या सुट्टीत एकटे बसत. गाडीकडे फिरकले नाहीत. मी शेडमध्ये तेलकट अंधारात लटकत स्वतःचाच राग राग करत होतो आणि पैलवानाचा दसपट.

बाराव्या दिवशी वहिनींनी ठरवले की इंजिन शहराबाहेरच्या लेथवाल्याकडे दुरुस्तीला द्यायचे. पैलवान म्हणाला, "मीच उतरवून देतो की." वहिनी म्हणाल्या, "नको, ते पूर्ण गाडीच नेणार आहेत संध्याकाळी." ते ऐकून त्याच्या तोंडचे पाणी पळाले. लेथवाल्याच्या हाती मी लागलो तर सगळेच उघडे पडणार होते.

दुपारी सगळी मंडळी जेवायला बसली तेव्हा पैलवान मागच्या दाराने शेडमध्ये आला. एका हातात नवा फिल्टर, दुसऱ्या हाताला कोपरापर्यंत ग्रीस चोपडलेले. जॅक लावून चाक काढायला वेळ नव्हता आणि आवाजही झाला असता. तो पाठीवर झोपून आत सरकला. या वेळी जिवावर उदार झालेला माणूस होता तो, हात घुसला. कातडे सोलत, कण्हत, कोपराच्या पुढे घुसला, आणि पावणेदोन वर्षांनी पैलवानाच्या बोटांचा मला पहिल्यांदा स्पर्श झाला.

माझी रबराची रिंग एव्हाना दगड झाली होती. त्याने पिळले. मी हललो नाही. त्याने पुन्हा पिळले, शिव्या दिल्या, मग विनवण्या केल्या. "सुट रे बाबा, सुट!" मी मनात म्हटले, आता बोलतोस होय? त्याचा हात जोर लावून लावून फुगला. मग त्याने नाद सोडून हात बाहेर ओढला. हात निघेना. पट्टा आणि स्टार्टर यांच्यामध्ये तो दंड पाचर ठोकल्यासारखा बसला होता.

पाच मिनिटे त्याने कळ काढली. सहाव्या मिनिटाला त्याने बोंब मारली.

आधी घड्या घालणाऱ्या बाया आल्या, मग वहिनी, मग बॉयलरवरून त्यांचे यजमान, सगळ्यात शेवटी भावजी. गाडीखालून दोन पाय बाहेर, बाजूला नवाकोरा फिल्टर.

"पैलवान? तुम्ही इथे काय करताय?" वहिनींनी विचारले.

"काही नाही, वहिनीसाहेब. जरा बघत होतो."

"मग हा नवा फिल्टर कशाला? दोन महिन्यांपूर्वीच बदललात ना तुम्ही?"

भावजी वाकले. त्यांनी तो अडकलेला हात पाहिला, मला पाहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट उलगडत गेली.

"चाक काढू का, पैलवान?" ते सावकाश म्हणाले. "पण तुम्हालाच लागत नाही ना चाक काढायला?"

"भावजी, मेलो! काढा हो!"

"सगळ्यांसमोर सांगा आधी. किती वेळा बदललात?"

"एकदाही नाही," पैलवान रडत म्हणाला. "हातच जात नव्हता."

भावजींनी जॅक लावला. घाई केली नाही, हे मी मुद्दाम सांगतो. हात मोकळा झाल्यावर त्यांनी डब्याभोवती आवळायच्या पान्याने मला सोडवले. वहिनींनी माझे बूड पुसून ठोकलेली जन्मतारीख वाचली, मग माझ्यावरची पांढरी तारीख वाचली आणि त्यांचा चेहरा उतरला. भावजींनी करवतीने मला मधोमध कापले. आत कागद उरलाच नव्हता, नुसता डांबरासारखा चिखल होता. कापून घेताना मला जो आनंद झाला तो जन्मभर कधी झाला नव्हता.

"भावजी, माझं चुकलं," वहिनी सगळ्यांदेखत म्हणाल्या आणि त्यांनी कमरेची किल्ली काढून पुढे धरली. भावजींनी ती लगेच घेतली नाही.

"माझंही चुकलं, वहिनी," ते म्हणाले. "सात वेळा मी तारीख वाचली. हात घालून एकदाही बघितलं नाही."

आणि मग त्यांनी सहज, गंमत म्हणून, चाक परत लावल्यावर आपला हात त्या बेचक्यात घातला. तो बारीक हात कुठेही न अडकता थेट माझ्या जागेपर्यंत गेला. इतके दिवस तो हात माझ्यापासून दोन फुटांवर स्टिअरिंग धरून होता.

पुढे वहिनींनी पैलवानाच्या पैशांनी इंजिन पुन्हा बांधून घेतले आणि एक अट घातली. माझे दोन्ही तुकडे त्याच्या गॅरेजमध्ये पाटीच्या जागी खिळ्याला टांगायचे, आणि कोणी विचारले तर खरे सांगायचे. पाटी उतरली. मी चढलो.

मित्रांनो, मी तुम्हाला विनवणी करणार नाही, मी त्या स्वभावाचा नाही. बजावून सांगतो. जिथे तुमचा हात पोचत नाही, तिथे फडके मारून तारीख घालू नका. हात पोचत नाही असे उघड म्हणा, चाक काढा, नाहीतर ज्याचा हात जातो त्याला बोलवा. आम्ही वस्तू मुक्या असतो, विसरभोळ्या नसतो. आणि आमचा राग आंधळा असतो, तो आधी तुमच्या भावजींवर कोसळतो.

पैलवान रोज सकाळी शटर वर करतो. त्याचा हात अजून कोपरात सरळ होत नाही. त्याची पहिली नजर माझ्यावर पडते, मग तो मान खाली घालून मुकाट्याने जॅक आणायला वळतो. मी त्याला क्षमा केलेली नाही. पण तो जॅक फरशीवरून घसटत येताना ऐकायला मला आवडते.