तूप गेलं कुठं

बाहीचं बटण सोडून ज्ञानूने हात टेबलावर ठेवला आणि मान भिंतीकडे फिरवली. जन्मभर मेंढ्या कातरलेला गडी, पण सुई दिसली की त्याचे हातपाय गार पडत.

"झालं, काका," दौंडच्या डॉक्टर सुलक्षणा म्हणाल्या. "उपाशीच आलाय ना?"

"च्याबी दिला न्हाई," त्याच्या आधी त्याची बायको म्हाळसाच बोलली.

तीन महिन्यांपूर्वी याच दवाखान्यात ज्ञानूच्या रक्तात चरबी निघाली होती. कोलेस्टेरॉल दोनशे सत्त्याऐंशी. त्याचा थोरला भाऊ बावन्नाव्या वर्षी उसाला पाणी देताना छाती धरून खाली बसला, तो उठलाच नाही. त्यामुळे आकडा ऐकून घरी वडगावला परतल्या दिवशीच म्हाळसाने त्याचं तूप, साय, अंडी सगळं तोडलं. भाजीत तेल घालायची थांबली, ती डोळ्यांत तेल घालून त्याच्या ताटासमोर बसायला लागली. दोन म्हशींच्या धन्याला कोरडी भाकरी! ज्ञानू कुरकुरला, पण तिच्यापुढे त्याचं काही चाललं नाही.

डॉक्टरांनी म्हाळसाकडे निरखून पाहिलं.

"काकू, जिना चढताना दम लागला ना तुम्हाला? तुमचंही रक्त बघू. सकाळी काही खाल्लंय?"

"ह्यांच्या आधी मी कशी खाईन?"

"मग झालंच काम. बसा."

रिपोर्ट दुपारी मिळणार होता. दोघं स्टेशनातल्या बाकावर जाऊन बसली. म्हाळसाने फडकं सोडून ज्ञानूला भाकरी-चटणी दिली. तो जेवून इंजिनाला डबे जोडताना बघायला गेला. मग ती जेवली.

दुपारी डॉक्टर खुशीत होत्या. "काका, एकशे नव्वद. शाब्बास! चमचाभर तूप चालेल आता."

कुस्ती मारून आल्यासारखं ज्ञानूने बायकोकडे पाहिलं.

"काकू, तुमचं मात्र तीनशे चार. खाता काय तुम्ही?"

म्हाळसा पदराचं टोक पिळू लागली. ज्ञानूच्या डोक्यात उजेड पडला.

"अगं, तीन महिन्यांचं तूप गेलं कुठं?"

"म्हशी दूध द्यायच्या थांबल्या व्हत्या व्हय?" ती पुटपुटली. "तुमच्या वाट्याचं टाकून दिऊ? पाप लागंल. मागनं जेवताना संपवत व्हते."

डॉक्टरांना हसू आवरेना. ज्ञानूही हसला, पण मधेच थांबला. तीनशे चार. थोरला भाऊ त्याच्या डोळ्यांपुढे आला. स्वतःच्या छातीची तीन महिन्यांत वाटली नव्हती एवढी भीती त्याला आता वाटली.

संध्याकाळी म्हाळसाने पाट मांडला, त्याच्या भाकरीवर चमचाभर तूप सोडलं आणि नेहमीसारखी चुलीपाशी सरकली.

"उरलेलं तूप शेजारी भामाबाईला दिऊन ये," ज्ञानू म्हणाला. "आन् तुजं ताट घे. हितं, म्होरं."

"तुमचं होऊ द्या की आधी."

"न्हाई. आजपास्नं संगंच जेवायचं."

ती जाऊन आली. लाजत, दाराकडे एकदा बघत, ताट घेऊन समोर बसली. ज्ञानू स्वतःची भाकरी न मोडता तिच्या ताटाकडे बघत होता. आधी ती नुसता कांदा खाते, मग भाकरी. लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती, आणि हे त्याला आज दिसत होतं.