लिंबाचं पाणी बंद

“हे झाड तहानलेलं नाही, सिस्टर. हे बुडालंय,” माळी म्हणाला आणि खुरप्यावरची माती त्याने तिच्या नाकाशी धरली. मातीला आंबूस वास येत होता.

भर उन्हाळ्यात झाड बुडतं हे तिने आजच ऐकलं. लिंबाची पानं पिवळी पडून गळत होती, शेंड्यांनी माना टाकल्या होत्या. समोरचं गवत वाळून पायपुसण्यासारखं झालं होतं, तरी ते निदान तहानलेलं आहे हे कळत होतं.

“रोज किती पाणी घालता?”

“दोन बादल्या. पहाटे, ड्यूटीवर जायच्या आधी.”

“दोन बादल्यांनी एवढं होत नाही,” माळी म्हणाला. “अति तिथं माती म्हणतात. इथं मातीचीच वाट लागलीय.”

पायरीवर बसलेले तिचे सासरे, नाना, स्वतःच्या चपलांकडे बघत राहिले.

माळ्याने बुंध्याभोवतीची माती उकरून मुळांना वारा लागेल असं केलं. गवत यापुढे बोटभर तरी वाढू द्यायचं, बोडकं करायचं नाही. कुंपणाला पाऊस येईपर्यंत कात्री लावायची नाही. गळलेला पाचोळा वाफ्यांवर पसरायचा. ती एकेक गोष्ट कागदावर लिहून घेत होती. एरवी ती वॉर्डात डॉक्टरांच्या सूचना घेते तशीच.

“आणि लिंबाला पंधरा दिवस थेंब नाही. मान टाकेल, पानं गाळेल. तुम्हाला बघवणार नाही, तरी घालायचं नाही.”

हे वाक्य तिला नवीन नव्हतं. ती स्वतः ते बोलत आली होती.

तिचा नवरा दोन महिन्यांपूर्वी, उन्हाळा लागता लागता गेला. हृदय थकलं होतं, अंगात पाणी साठत होतं. दिवसाला एक लिटर, त्यावर घोट नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिने एका निळ्या बाटलीवर चिकटपट्टीच्या चार खुणा केल्या. सकाळी आठ, बारा, चार, रात्री आठ. खुणेच्या खाली तो गेला की ती बाटली उचलून ठेवी. तो ओठ चाटत म्हणायचा, “सिस्टर, दगडालासुद्धा पाझर फुटतो म्हणे.” लग्नानंतर तिचं नाव त्याने कधी घेतलंच नव्हतं. ती म्हणायची, “दगडाला फुटत असेल. मी नर्स आहे.”

तो गेल्यावर चौथ्या दिवशी ती कामावर गेली. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. ती खंबीर नव्हती. तिला काहीच वाटत नव्हतं, आणि ज्याला काही वाटत नाही त्याने घरी बसून काय करायचं? पहाटे तेवढं ती त्याने लावलेल्या लिंबाला पाणी घाली. दोन बादल्या, काठोकाठ.

माळी गेला. सुट्टीचा दिवस होता, दुपारी दोघंच जेवायला बसली. नानांनी दोन घास खाल्ले आणि ताट सारलं.

“मीपण घालत होतो,” ते म्हणाले. “तू गेल्यावर. त्याच्या बाटलीनं.”

“किती?”

“आठ-दहा खेपा व्हायच्या.”

“मला सांगायचं नाही का, नाना?”

“तू नको म्हणाली असतीस.”

एकाच घरात दोन माणसं दोन महिने एकाच झाडाला एकमेकांना न सांगता पाणी घालत होती. नवरा असता तर हसून लोळला असता. ती ताटं उचलायला उठली.

“त्यालापण देत होतो,” नाना म्हणाले.

ती थांबली.

“तू ड्यूटीवर गेलीस की. एक पेला, कधी दोन. पोर पाण्यासाठी तडफडतंय आणि बापानं नुसतं बघत बसायचं? नाही जमलं मला.” “त्यानंच गेला का गं तो?”

रोज सकाळी ती नवऱ्याचं वजन करायची आणि रोज ते थोडं जास्तच भरायचं. तिने जेवणातलं मीठ बंद केलं. वजनकाट्यावर संशय घेतला, तो हॉस्पिटलात नेऊन ताडून आणला. काटा बरोबर होता. आता सगळं जुळलं.

“पेलाभर पाण्यानं काही होत नाही, नाना,” ती म्हणाली. “हृदयच दमलं होतं त्याचं.”

“खरं सांगतेस?”

“तीस वर्षं हेच काम करतेय मी.”

वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेल्या कितीतरी बापांना तिने हे असंच, याच आवाजात सांगितलं होतं. कधीकधी ते खरंही असायचं.

ताटं तिच्या हातातच होती. “पाणी प्यायला की तो काय म्हणायचा?”

“‘सिस्टरला सांगू नका’ म्हणायचा. आणि हसायचा.”

शेवटच्या महिन्यात तिने त्याला हसताना पाहिलं नव्हतं. तिला राग यायला हवा होता. राग आला नाही, हेवा वाटला. नानांचा हेवा. दोन महिन्यांत पहिल्यांदाच तिला काहीतरी वाटलं, आणि ते असं निघालं.

ऊन कलल्यावर दोघं पायरीवर येऊन बसली. शेजारचा त्याच्या गवतावर पाइप धरून उभा होता. लिंबाचे शेंडे सकाळपेक्षा खाली झुकले होते. नानांनी निळी बाटली भरून आणली होती, ती मांडीवर घट्ट धरून ते झाडाकडे बघत होते. त्यांचे ओठ सुकून फुटले होते. ते स्वतः किती पाणी पितात, हे इतक्या दिवसांत तिने विचारलंच नव्हतं.

तिने बाटली त्यांच्या हातातून घेतली, घरातून पेला आणला आणि काठापर्यंत भरला.

“प्या.”

“एवढं नको.”

“सगळं प्या.”

ते प्यायले. तिने आणखी एक भरून दिला, तोही प्यायले. उरलेलं पाणी ती स्वतः बाटलीला तोंड लावून प्यायली. बाराच्या खुणेखाली गेली, चारच्याही. पाणी उन्हाने कोमट झालं होतं.

समोर लिंबाने मान आणखी टाकली. दोघांपैकी कुणीही उठलं नाही.