शांतवनचा रविवार

शांतवननं आयुष्यात काय केलं असेल नसेल, पण रविवार कधी मोडला नव्हता. रविवारी तो विळ्याला हात लावत नसे, बैलांवर जू ठेवत नसे, आणि चपलेचा अंगठा तुटला तर सोमवारपर्यंत अनवाणी फिरे. कोरेगावच्या ख्रिस्ती देवळात उपासनेला तीन मैल चालत जायचं, तीन मैल चालत यायचं आणि मग दिवस मावळेपर्यंत घोंगड्यावर नुसतं बसून राहायचं. त्याची बायको बाळाबाई म्हणायची, "देवानं एक दीस इसाव्याला दिला, तुमी त्येचीबी येठबिगार केलीसा." तिचं काही चुकत नव्हतं. आठवड्यातला सगळ्यात कष्टाचा दिवस त्याचा तोच होता.

या रविवारापायी विहिरीची वाटणीसुद्धा बदलली होती. विहीर आज्यानं खणलेली आणि तिच्यावर घरं दोन, एक शांतवनचं आणि दुसरं त्याचा चुलतभाऊ नाथाजी याचं. उन्हाळ्यात झरा बारीक व्हायचा, पाणी साचायला तीनचार दिवस लागायचे, म्हणून मोट आठवड्यातून दोनदाच चाले, बुधवारी आणि रविवारी. मुळात रविवार शांतवनच्या बापाचा. बाप ख्रिस्ती झाला तेव्हा त्यानं तो भावाला देऊन बुधवार घेतला. पुढं छप्पन सालानंतर नाथाजी बौद्ध झाला. एका आज्याचे नातू, एक प्रार्थनेला जाई, एक वंदनेला बसे, आणि विहिरीला दोघांचंही वावडं नव्हतं. बैल ज्याचे त्याचे, पण मोट आणि नाडा सामाईक. नाडा म्हणजे मोट ओढणारा जाड दोर. तो दर उन्हाळ्याला एकानं आळीपाळीनं नवा आणायचा. त्रेसष्ट साली तो शांतवननं आणायचा होता. आणू आणू म्हणता मार्च अर्धा सरला.

त्या मार्चातल्या एका रविवारी देवळात शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, वाचन शांतवनकडे होतं. धुतलेलं धोतर, बापाचा काळा कोट, काखेत शास्त्र, असा तो सकाळी निघाला. वाट विहिरीवरूनच जात होती. सहज नजर गेली तर चाकापाशी नाड्याचे पीळ सुटलेले. तो वाकला, निरखून बघितलं. तीन पदरांपैकी एक तुटला होता आणि दुसरा तुटायच्या बेतात होता. तेवढ्यात लांबून नाथाजी बैल घेऊन येताना दिसला. त्यानं हात वर केला.

दोन शब्दांचं काम होतं. पण शांतवनला आपला भाऊ चांगला ठाऊक. सांगितलं की तो म्हणणार, दादा, जरा धरू लाग, पीळ घालून गाठ मारू. आणि दादाला नाही म्हणता येणार नाही. म्हणजे रविवारी सकाळी, वाचनाच्या दिवशी, हात कामाला लागणार. आजचा दिवस निघेल, उद्या नवा आणतोच आहे, असं तो मनाशी म्हणाला. त्यानंही हात वर केला आणि भराभरा चालू लागला.

त्या दिवशी त्यानं वाचन फार सुरेख केलं. एक शब्द अडखळला नाही.

दुपारी परतला तर धावेवर, म्हणजे मोटेच्या बैलांच्या उतरत्या वाटेवर, बैल मोकळे उभे, आणि नाथाजीला बैलगाडीत घालून साताऱ्याला नेलेलं. भरलेली मोट वर येताना मोटकरी नाड्यावर बसतो, त्याच्या भारानं बैलांना उतार सोपा जातो. नाथाजी तसाच बसला होता आणि नाडा तुटला. तो खाली दगडावर आदळला, पाय मांडीत मोडला. शांतवन तिथंच धावेवर खाली बसला. कोटाला माती लागली तरी त्याला कळलं नाही.

पुढं जे झालं त्यानं तो पुरता भांबावून गेला. त्याला कुणी काही बोललंच नाही. नाथाजीची बायको हरणाबाई म्हणाली, "नाडाच जुना झालाता भावजी, कोन काय करनार." टोमणा आहे का म्हणून त्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं. टोमणा नव्हता. सोमवारी त्यानं कोरेगावातून नवा नाडा आणला खरा, पण विहिरीकडे न्यायला पाय उचलेना. मोडल्या पायाच्या दुसऱ्या दिवशी नवाकोरा नाडा घेऊन जायचं म्हणजे मला ठाऊक होतं असं गावभर ओरडण्यासारखं. त्यानं तो घरात खुंटीला अडकवला आणि वर पोतं टाकलं. त्याऐवजी हरणाबाईला जाऊन सांगितलं, "माजा बुदवारबी तुमीच घ्या. नाथा उठूस्तवर."

त्याची वांगी वाळली. बाळाबाई चारपाच दिवस बोलली नाही. गावात मात्र वाहवा झाली. भाऊ असावा तर असा, धर्म वेगळा पण रक्त एक, असं पारावर लोक म्हणू लागले. प्रत्येक वाहवा त्याला चपराक वाटे. विहिरीकडे बघायला नको म्हणून तो उपासनेलासुद्धा ओढ्याच्या वाटेनं जाऊ लागला. मोट चालते आहे म्हणजे त्यांनीच कुठून तरी नाडा आणला असणार, असं त्यानं धरून चाललं.

लहानपणापासून त्याला एक गोष्ट पक्की शिकवलेली होती, की एक दिवस देव विचारणार आणि माणसानं उत्तर द्यायचं. त्याची त्याला कधी भीती वाटली नव्हती. उलट त्याच दिवसासाठी तर त्यानं एवढे रविवार जपले होते. आता त्याला कळेना की देव विचारणार तरी काय? माझा दिवस का पाळलास, असं तर विचारणार नाही ना? दिवस पाळला हे चांगलं, भाऊ पडू दिला हे वाईट, पण दोन्ही त्याच एका क्षणात, त्याच दोन हातांनी. वेगळं कसं करायचं? प्रार्थनेला बसला की डोळ्यांपुढं नाथाजीचा वर केलेला हात येई, आणि तो आमेन न म्हणताच उठे.

त्यात आणखी भर पडली. एप्रिलच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या नावानं भाकर मोडून खायचा विधी होता, आणि त्याच उपासनेत शांतवनला देवळाच्या मंडळीचा पंच नेमायचं ठरलं होतं. प्रभुभोजनाच्या आधीच्या आठवड्यात देवळाचे धर्मगुरू, म्हणजे पाळक, घरोघर जाऊन विचारत, की मनात कुणाविषयी काही आहे का, कुणाच्या मनात तुमच्याविषयी काही आहे का. एरवी हा प्रश्न म्हणजे चहा येईपर्यंतचा रिवाज. घरचे लोक 'काही नाही' म्हणत आणि पाळक पुढच्या घरी जात. या वेळी हिवाळे पाळकांनी तो विचारला आणि शांतवननं सगळं सांगून टाकलं. बाळाबाई चहाचा कप हातात घेऊन दारातच थांबली.

हिवाळे म्हातारे, नगरकडचे, सावकाश बोलणारे. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"रविवार पाळलात ते बरोबर केलंत," ते म्हणाले. "गप्प राहिलात ते चूक."

"आवं, पर गप ऱ्हायलो म्हनून तर ऐतवार पाळला गेला. एकाच टायमाला मी बरोबर आन चूक दोनी कसा?"

"माणूस बहुतेक वेळा तसाच असतो, शांतवनराव."

"मंग देव कुटलं धरनार?"

"ते मला सांगता यायचं नाही." हिवाळ्यांनी चष्मा लावला. "नाथाजींना सांगितलंत?"

"न्हाई. देवाला सांगितलं."

"देवाचा पाय मोडलेला नाही. आधी त्यांना सांगा, मग भाकरीला हात लावा."

सोमवारी सांगू, मंगळवारी सांगू असं करता करता शनिवारही गेला. दिरंगाईत शांतवनचा हात कुणी धरला नसता. शेवटी प्रभुभोजनाच्या रविवारी सकाळी, धोतर आणि काळा कोट चढवून, तो नाथाजीच्या अंगणात उभा राहिला. साताऱ्याहून घरी आणलेला नाथाजी प्लास्टरमधला पाय बाजेवर पसरून शेंगा फोडत बसला होता.

"ये दादा. आज तुजा मोटा दीस न्हवं? पंच व्हनार म्हनं."

"नाथा, मला बोलायचं हाय." शांतवननं उभ्याउभ्याच सांगितलं. सकाळी वाकलो, तुटलेला पदर बघितला, तू हात केलास, मी सांगितलं नाही, कामाला लावशील म्हणून सांगितलं नाही. आता हा शिव्या देईल, देऊ दे, म्हणजे सुटलो, असं त्याला वाटत होतं.

नाथाजीनं शेंगा बाजूला ठेवल्या.

"तू बगितलास ते म्हाईत हाय मला," तो म्हणाला.

"कसं?"

"लांबनं दिसत हुतास की. चाकापाशी वाकलेला. दर येळी मी नाडा चाचपल्याबिगर बसत न्हाई दादा. त्या दिशी न्हाई चाचपला. म्हनलं, दादानं बगितलाय, आन हात करून गेला, म्हंजी ठीक हाय."

शांतवनला वाटलं, शिव्या परवडल्या असत्या. तो बाजेच्या खुराला धरून खाली बसला. आपल्या गप्प राहण्यानं नाडा तुटू दिला एवढंच त्याला ठाऊक होतं. आपण नुसतं बघितलं म्हणून नाथाजी त्यावर बसला, हे त्याला आज कळलं.

"आदी का बोलला न्हाईस?" त्यानं विचारलं.

"काय बोलू? मला वाटलं तुला दिसलं नसंल. तूबी मानूसच हायस." मग नाथाजीनं शेंगा परत पुढं ओढल्या. "आता निगालाच हाय इषय तर सांगतो. त्यो नवा नाडा तेवडा बगशील का, कवातरी?"

"म्हंजी? आजून त्योच हाय?"

"गाठ मारलीया. हरणाच चालवती की तीन आटवडं. ऐतवारी आन तुज्या बुदवारी." नाथाजी ओशाळून हसला. "तू बुदवार दिलास, तुजी वांगी जळाली. वर आनि नाडा कुटल्या तोंडानं मागू?"

"हरणाबाई कुटं हाय?"

"हिरीवर. आज ऐतवार न्हवं का."

शांतवन उठला. पन्नाशीला टेकलेला माणूस, काळ्या कोटात, ढेकळांतून पळत सुटला. पळताना त्याच्या डोक्यात एकच घोळ चालला होता. तीन आठवडे मी देवाला सांगितलं, पाळकाला सांगितलं, भावाला सांगितलं, आणि नाडा खुंटीलाच. वर बुधवार देऊन त्या माउलीला दुप्पट वेळा त्या गाठीवर बसवलं, आणि लोक मला भला माणूस म्हणतात.

हरणाबाई कासोटा घालून धावेवर बैल फिरवत होती. मोट खाली गेली होती. शांतवननं पुढं होऊन बैलांची वेसण धरली.

"सोडा बैलं."

"आवं भावजी, अर्दं वाफं ऱ्हायल्यात. दीस जाईल माजा."

"जाऊ द्या. माजा बुदवार घ्या, जलमभर घ्या, पर आता सोडा."

तिनं वैतागून बैल सोडले. त्यानं मोट वर ओढून घेतली आणि नाड्याची गाठ हातात धरून बघितली. गाठ काळी पडून घट्ट झाली होती, पण तिच्या शेजारचा पदर केसासारखा सुटत चालला होता. आजचा दिवस कदाचित निघाला असता. ते गणित त्यानं पूर्वीही एकदा केलं होतं.

घरी जाऊन त्यानं पोतं दूर केलं आणि खुंटीवरचा नाडा उतरवला. बाळाबाईनं विचारलं, "देवळात जायाचं न्हाई?" तो म्हणाला, "जायाचं हुतं." त्याला स्वतःलाच कळलं नाही हे उत्तर आहे की काय आहे. दिवस वर चढला होता. देवळात पहिलं गीत होऊन गेलं असणार. हिवाळे पाळक दाराकडे बघत असणार.

नवा नाडा बांधायला तासभर लागला. कोट त्यानं चिंचेला अडकवला, धोतराला विहिरीचा चिखल लागला, आणि रविवारी कधी न हललेले हात ओढूनओढून लाल झाले. हरणाबाई बघत होती. तिला राहवलं नाही.

"भावजी, आज तुमचा ऐतवार हाय. तुमचा देव रागवायचा न्हाई का?"

"म्हाईत न्हाई," शांतवन म्हणाला. एवढं खरं तो तीन आठवड्यांत बोलला नव्हता. रविवार मोडला की पाळला, पंच व्हायचा दिवस गेला तो शिक्षा म्हणून की सुटका म्हणून, त्याला काहीएक उमजत नव्हतं. देव आता या क्षणी समोर येऊन उभा राहिला असता तर तो घाबरून एवढंच म्हणाला असता, की थांब, अजून एक गाठ राहिलीय.

ती गाठ मारून झाली. हरणाबाईनं बैल जुंपले, मोट सोडली, ती भरून जड झाली. बैल उताराला लागले तशी ती नाड्यावर बसायला पुढं आली.

शांतवननं तिला हातानं मागं सारलं.

"थांबा. आदी मी बसतो."

आणि उपासनेच्या वेळी, धुतलेल्या धोतरानिशी, तो नाड्यावर बसला. चाक करकरलं, बैलांनी ओढ घेतली, आणि शांतवन डोळे मिटून धावेवरून खाली जाऊ लागला. वर पाणी पाटात पडल्याचा आवाज आला तेव्हा त्यानं डोळे उघडले आणि हरणाबाईला म्हणाला, आता बसा.